घालून पाहिल्याशिवाय घ्यायचे कसे?

अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला विक्रीस आलेला ॲपलचा व्हिजन प्रो, म्हणजे डोळ्यांसमोर पडदे येतील असा डोक्यावर घालायचा संगणक, आणू का, असे माझा भाऊ सुट्टीवर म्हापशाला येण्याआधी दर वेळी विचारतो आणि माझे उत्तर दर वेळी एकाच ठिकाणी अडते: किमान ६०० ग्रॅम वजनाची ही वस्तू अर्धा तास तरी डोक्यावर घालून पाहता येईल असे एकही दुकान मला पणजीत किंवा मडगावात सापडलेले नाही. एका दुकानदाराने तर आधी पैसे भरा, मग खोका उघडू, असे सांगितले! चष्म्यावरून व्हिजन प्रो बसत नाही, म्हणून भिंगे वेगळी घ्यायची. शिवाय मे महिन्याच्या दमट उकाड्यात कपाळाला टेकणारी ती गादी घामाने किती वेळात चिंब होईल, हे कोणतेच माहितीपत्रक सांगत नाही. एवढा पैसा निव्वळ अंदाजाने ओतायचा, हे मला मुळीच पटत नाही.