आतलं काढून घ्या, डबे तेवढे द्या

इंदूरच्या आमच्या गणेश मंडळाचे खजिनदार वर्गणीला आले होते. पावती फाडून झाली, चहा आला, आणि बशी फुंकता फुंकता त्यांना हॉलमधले माझे दोन टॅनॉय आर्डेन दिसले. एक मीटर उंच, 66 सेंटिमीटर रुंद, 37 सेंटिमीटर खोल आणि एकेक चाळीस किलोच्या वर. अशी वस्तू खरं तर दिसत नाही, आडवी येते.

"दादा, ही कपाटं उघडतात कुठून?"

"स्पीकर आहेत ते. टॅनॉय कंपनीचे. 1976 साली हे मॉडेल निघालं."

"अरे भिया! पन्नाशीला आले की. आणि अजून चालून राहिले?"

चालून राहिले. पण आपोआप नाही, आणि हे त्यांना ऐकायचं नव्हतं म्हणून इथे सांगतो. या पिढीच्या स्पीकरचं मरण लाकडात नसतं की चुंबकात नसतं, ते कोनच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेला असतं. खर्ज काढणाऱ्या वूफरचा कागदी कोन फ्रेमशी जोडणारी गोल कड आर्डेनच्या 15 इंची एचपीडी ड्रायव्हरमध्ये (ड्रायव्हर म्हणजे डब्यातला प्रत्यक्ष वाजणारा भाग) पॉलियुरेथेन फोमची असते. हवेतला दमटपणा हा फोम आतून तोडत जातो. वाजवा नाहीतर झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. तेव्हा 'काकांनी कधी लावलेच नाहीत, नवेकोरे आहेत' असं सांगून कोणी जुने स्पीकर गळ्यात मारत असेल, तर आधी जाळी काढून टॉर्च मारा. फोमला बोट लावू नका, कुजलेला असला तर तुमच्याच बोटाने भोक पडेल आणि विकणारा त्याचे पैसे मागेल. कोनवर मात्र चार बोटं सारख्या अंतरावर टेकवून तो हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कोनमागची तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीत घासते आहे. मग भाव निम्म्याहून खाली पाडायचा किंवा चहा पिऊन घरी यायचं.

फोम बदलता येतो. '15 इंची' एवढ्यावर किट मागवू नये. कोनचा व्यास, फोमच्या वळीची रुंदी आणि बाहेरची कड, तिन्ही मापं घ्यावीत, शक्यतो ड्रायव्हरच्या नावानेच मागवावं. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. ब्लेड घेतलंत की कागद गेला. नवी कड आधी कोनला चिकटवायची, ती धरली की मग फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असतानाच अॅम्प्लिफायरमधून 20 ते 30 हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडायचा. कोन आतबाहेर डुलू लागतो आणि कॉइल घासत असेल तर लगेच ऐकू येतं. मग कड किंचित सरकवायची, घासणं थांबलं की दाबून ठेवायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. फेव्हिक्विक चालत नाही. ते वाळून कडक होतं आणि सतत हलणाऱ्या जागी तडकतं. रबराची कड बसवा, जन्मभर बघायला नको, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण रबर जड आणि ताठ असलं की वूफरचा मूळ अनुनाद, म्हणजे ज्या कंप्रतेला तो आपोआप डुलतो तो आकडा, सरकतो, आणि कॅबिनेट व पोर्ट (डब्याचं हवेचं भोक) त्या मूळ आकड्यावर बेतलेले असतात. मी फोमच्या बाजूचा. पंधरा वर्षांनी पुन्हा बदलू.

दुसरा रोग क्रॉसओव्हरचा, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचा. त्यातले नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, वरचे सूर मंदावतात, आणि माणूस आपले कान गेले समजून डॉक्टरकडे जातो. बदलताना दोन्ही स्पीकरचे एकदमच बदलावेत. फिल्म कपॅसिटर घातलात तर त्याचा अंतर्गत रोध फारच कमी असतो. मूळ तोल राखायला ओळीत अर्ध्या ओहमच्या आतला एखादा रेझिस्टर द्यावा लागतो. तो न दिल्याने आवाज बोचरा होतो आणि मग लोक केबल बदलत बसतात.

तर खजिनदार.

"दादा, मग दहा दिवस द्या ना मंडळाला. रात्री ताडपत्री टाकू वरून."

नाही म्हटलं तर कारण लागतं. मी कारण दिलं, तेही आकड्यांत. एक वॉटला एक मीटरवर 90 डेसिबल देणारा स्पीकर घ्या. शंभर वॉट दिले तर 110. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात, म्हणजे सोळा मीटरवर उरतात 86. त्यात ढोल, भजी तळण्याचा आवाज आणि पोरं. मग कोणीतरी आवाजाचं बटण पूर्ण फिरवणार, अॅम्प्लिफायरची लहर वरून-खालून कापली जाणार आणि त्या कापलेल्या लहरीतली जास्तीची वरची कंप्रता सरळ वरचे सूर काढणाऱ्या ट्वीटरच्या बारीक कॉइलमध्ये जाऊन ती जाळणार. स्पीकर जास्त वॉटने जळतो असं लोकांना वाटतं. घरोघरी तो जळतो ते लहान अॅम्प्लिफायर पिळून काढल्याने.

खजिनदारांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. मोबाईल बाहेर काढला. बराच वेळ बोटं चालली.

"दादा, इथे तर लिहिलंय, ही कंपनी पहिल्यापासून भोंगे बनवायची! सभेचे, स्टेशनवरचे!"

आता काय बोलणार. खरंच आहे. गाय फाउंटन यांनी 1926 साली लंडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीचं नाव झालं ते सार्वजनिक ध्वनिक्षेपणानेच. पण 1947 साली तिने ड्युअल कॉन्सेंट्रिक आणला, म्हणजे वूफरच्या चुंबकाच्या बरोबर मधून वाट काढून ट्वीटरचा आवाज बाहेर सोडला. खर्ज आणि वरचे सूर एकाच बिंदूतून येतात, गवय्या छातीतून एकीकडे आणि डोक्यातून दुसरीकडे गात नाही. 1976 ची मालिकाही मजेदार: आर्डेन, बर्कली, चेव्हियट, डेव्हन, ईटन, आकाराप्रमाणे मोठ्यापासून लहान, आणि आद्याक्षरं ए ते ई. ईटनमध्ये 10 इंची ड्रायव्हर असतो. मी ईटन घेतला असता तर तो खजिनदारांना दिसलाही नसता.

"भिया, तुम्ही समजत नाही," ते म्हणाले. "हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली. पण अनंत चतुर्दशीला तिची झाँकी (चित्ररथ) निघते का नाही? मिल बंद असून झाँकी निघते, आणि अपने पास चालू स्पीकर असून मंडळात नाही?"

या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

"बरं, ऐकवा तरी."

मी अमीर खाँसाहेब लावले. इंदूरच्या माणसाला दुसरं काय लावणार? अतिविलंबित, झुमरा तालाच्या चौदा मात्रा, आवाज मंद्रात उतरलेला आणि तंबोरा भिंतीच्या मागे कुठेतरी. अॅम्प्लिफायर जेमतेम एक वॉट खर्च करत असेल. खजिनदार एकाग्र होऊन ऐकत राहिले. चहा गार झाला. मला वाटलं, माणूस विरघळला.

"यात गाणं कधी सुरू होतं?"

मग ते उठले, स्पीकरजवळ गेले आणि समोरच्या पट्टीवरची बटणं फिरवायला लागले. आर्डेनवर दोनच बटणं असतात, एक एनर्जी, एक रोल-ऑफ, आणि दोन्ही फक्त वरच्या सुरांची. बेसचं बटण या स्पीकरवर नाहीच. त्यांनी दोन्ही पार उतरवली आणि म्हणाले, "हां! आता बेस उठला." वरचे सूर मारले की खर्ज वाढल्यासारखा वाटतो, यात नवल नाही. चीड येते ती त्यांच्या आनंदाची. शिवाय ही बटणं चालू अॅम्प्लिफायरवर कोणी करकचून फिरवत नाही. आतल्या संपर्कांवर गंज धरतो आणि एका बाजूचे वरचे सूर गायब होतात. वर्षातून एकदा सगळं बंद करून, काँटॅक्ट क्लीनर मारून ती मागेपुढे फिरवायची असतात. ते काम त्यांनी त्या मानाने बरं केलं.

"आणि हे भिंतीपासून इतके पुढे का ओढलेत? कोपऱ्यात सारा, इथे दोन खुर्च्या बसतील."

कोपऱ्यात सारले तर खर्ज फुगतो, कारण तीन बाजूंच्या भिंती-फरशी त्याला परत ढकलतात. आमचा हॉल 14 फूट बाय 12. चौदा फुटांना 40 हर्ट्झला आणि बाराला 47 हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. त्या सुरांवर तबल्याचा बायाँ एकेका मात्रेला 'घूं' करून बसतो आणि तिहाई संपली तरी तो संपत नाही. खाली कोटा स्टोन, समोर काच. म्हणून मागे दोन-अडीच फूट मोकळे, ड्रायव्हर बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वळवलेले, मध्ये जाड सतरंजी. इंदूरच्या फ्लॅटमध्ये हा दोन-अडीच फुटांचा रिकामा पट्टा म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांत खुपणारी इस्टेट. खजिनदार तिथे उभे राहून तो मोजत होते, पावलांनी.

"दादा, एक काम करा," ते शेवटी म्हणाले. आवाजात समजूतदारपणा होता, त्यानेच जास्त लागलं. "आतलं सामान काढून घ्या. डबे तेवढे द्या. मूर्तीच्या दोन बाजूंना समया ठेवायला अगदी मापाचे आहेत."

वॉलनट व्हिनिअरवर समई. तेल, वात, फुलांचं पाणी. व्हिनिअर किती जाड असतं ते ज्याने सँडपेपर हातात धरला आहे त्याला विचारा. पाण्याचा गोल डाग निघेपर्यंत खालचं चिपबोर्ड दिसायला लागतं.

मी डबेही दिले नाहीत. मंडळाने भाड्याने सिस्टीम आणली, चार टॉप, चार बेस, आणि सकाळी सहा वाजून एक मिनिटाने 'हॅलो, चेक, चेक' सुरू झालं, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र सकाळी सहालाच संपते. त्याच नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, ती वाचायला कोणाला सवड नाही. रात्री दहानंतर बंद, पण सणासुदीला वर्षातून पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते पंधरा दिवस मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहेत. माझ्या खिडकीची काच थडथडते, हॉल 40 हर्ट्झला घुमतो तो आता बाहेरून. आणि एरवी दुपारी मी खाँसाहेबांना बोलण्याच्या आवाजात लावलं, की दाराची बेल वाजते: "जरा हळू, मुलांची परीक्षा आहे."

परवा पावतीपुस्तक पुन्हा आलं. माझ्या नावापुढे 'ध्वनिव्यवस्था (विशेष)' म्हणून वेगळे 251 रुपये लावले होते. पावती टीपॉयवर आहे. पैसे मी दिलेले नाहीत.