हसायचं असेल तर माझ्या भावासमोर येऊन हसा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. ऑस्ट्रेलियात डिप्रेशनच्या पेशंटना मशरूममधलं औषध देतात म्हणे. जुलै २०२३ पासून परवानगी आहे, यांना आज कळलं. खाली लगेच सुरू! "गर्दुल्ल्यांची चंगळ आहे." "आम्हालाही डिप्रेशन आलंय, पत्ता द्या." लोळून हसणाऱ्या इमोजी. एका काकांनी वर सूर्यनमस्कार घालायचा सल्लाही दिला.

तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहितेय, कारण इथली माणसं माझी आहेत. भावाला विचारून लिहितेय.

माझ्या धाकट्याला तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. कॉलेजात एकांकिका बसवायचा, तोच. सकाळी ऑफिसला निघायचं म्हणून तो पलंगाच्या कडेवर बसतो. एक मोजा पायात, दुसरा हातात. आणि तसाच बसून राहतो. चहावर साय धरते, आई तो कप उचलून दुसरा ठेवते, तोही गार होतो. अकरा वाजतात. औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाले, दोन-दोन औषधं एकत्र देऊन झाली, शॉक ट्रीटमेंटही झाली. जरा बरं वाटतं, घरात सगळे हळूच खूश होतात, आणि मग एका सकाळी पुन्हा तो मोजा हातात.

ते मशरूममधलं औषध, म्हणजे सायलोसायबिन, अशाच लोकांसाठी आहे हो! नेहमीच्या औषधांनी ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी. आणि ते पानटपरीवर मिळत नाही. खास परवानगी असलेल्या सायकियाट्रिस्टनेच द्यायचं. ट्रायलमध्ये कसं देतात ते तरी वाचा. आधी पेशंटशी बऱ्याच भेटी, मग २५ मिलिग्रॅमचा डोस, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत आणि शेजारी सहा-आठ तास थेरपिस्ट बसून. त्या तासांत कुणी ढसाढसा रडतं, कुणी भयंकर घाबरतं. दुसऱ्या दिवसापासून त्यावर पुन्हा बोलणं. ही चंगळ वाटते तुम्हाला? आमच्याकडे ओपीडीत नंबर लागल्यावर "झोप येते का? भूक लागते का?" एवढं विचारेपर्यंत पुढचा पेशंट दारात उभा असतो.

बरं, ही जादूची कांडी नाही, मान्य. २०२२ साली २३३ पेशंटवरच्या ट्रायलचे निकाल आले, त्यात तिसऱ्या आठवड्यात दिसलेला फायदा बाराव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच जणांचा टिकला नाही. तिकडे खर्चही हजारो डॉलर आहे. पण तीन आठवडे! माझ्या भावाला तीन आठवडे दोन्ही मोजे घालता आले तर आमच्या घरात दिवाळी होईल.

आणि "कायद्याने बंदी आहे" हे मला सांगू नका. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात हे आहे, ठाऊक आहे. त्याच कायद्याने मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाचं, काय केलं तेही ठाऊक आहे. आपल्याच देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि आपलेच कॅन्सरचे पेशंट मॉर्फिनवाचून तळमळले, कारण परवान्यांच्या कटकटीत पडायला हॉस्पिटलं तयार नव्हती. तो कायदा सुधारायला २०१४ उजाडलं. तेवढी वर्षं ज्यांनी दुखणं सोसलं त्यांचं काय? केटामाइनसुद्धा भास घडवतं. तरी आपल्याकडे भूल द्यायला सर्रास वापरतात आणि काही सायकियाट्रिस्ट डिप्रेशनसाठीही देतात. मग सायलोसायबिनच्याच नावाने एवढी बोंब का?

आता जरा शांतपणे लिहिते. गेल्या वर्षी भावाच्या मित्राने त्याला कोडाईकनालला चल म्हणून सांगितलं. तिथे मशरूम मिळतात हे कॉलेजच्या पोरांनाही माहीत असतं. भावाने मला विचारलं, "ताई, करून बघू का?" मजा म्हणून विचारत नव्हता तो. बुडणारा माणूस विचारतो तसं विचारत होता. मी नाही म्हटलं. कोण काय देणार, किती देणार, आणि आत घाबरला तर हात धरायला कोण? घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर ट्रायलवालेसुद्धा दारातूनच परत पाठवतात. रिसॉर्टवाला थोडीच विचारणार आहे? मूड स्थिर ठेवायला देतात ते लिथियम चालू असेल तर झटकेही येऊ शकतात.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आपल्याकडे, आपल्या पेशंटवर, चांगल्या सरकारी संस्थांमध्ये, नीट देखरेखीखाली याच्या मोठ्या ट्रायल व्हाव्यात, आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या फायलींत कुजू नयेत. मग नाही उपयोग झाला तर नाही. तसं एकदा आम्हाला कळू तर दे.

ही पोस्ट वाचून कुणी चालू गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते. फारच अंधारून आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. प्रश्न असतील तर खाली विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगेन. थट्टा केलेली कमेंट मात्र दिसल्या दिसल्या उडवणार, मग ती नातेवाइकाची का असेना.