स्विस मतदार मत देतो ते खर्चाच्या बिलावर

‘एकदा सार्वमत घ्या, म्हणजे कळेल लोकांना काय हवंय’ असं म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड. बघा, तिथल्या जनतेनं सहा आठवड्यांची हक्काची सुट्टीसुद्धा नाकारली! नाकारली हे खरं आहे, ११ मार्च २०१२ ला, ६६.५ टक्के मतांनी. पण त्यावरून ‘स्विस माणूस मुळातच समंजस’ असा जो निष्कर्ष काढतात तो मला साफ चुकीचा वाटतो. याच समंजस पुरुषांनी १९५९ मध्ये बायकांना मताधिकार द्यायला ६६.९ टक्क्यांनी नकार दिला होता. तो मिळायला १९७१ साल उजाडलं. आणि आपेनझेल इनररोडन नावाच्या चिमुकल्या कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) कॅन्टनपुरता मताधिकार बायकांना १९९० मध्ये मिळाला, तोही कोर्टानं कान धरल्यावर.

श्रेय द्यायचंच तर ते तिथल्या यंत्रणेतल्या काही कंटाळवाण्या स्क्रूंना द्यावं लागेल.

आधी मतदानाचं पाकीट बघू. वर्षातून चार रविवार मतदानासाठी राखलेले असतात आणि त्या तारखा कित्येक वर्षं आधी ठरलेल्या असतात. साधारण तीन ते चार आठवडे आधी घरी जाड पाकीट येतं. आत मतपत्रिका, मतदार असल्याचं कार्ड, एक छोटं कोरं पाकीट आणि सरकारी पुस्तिका. या पुस्तिकेत प्रत्येक विषयाचा मसुदा, सरकारचं म्हणणं आणि विरोधकांचं म्हणणं असतं. विरोधकांची पानं सरकारी खर्चानं छापून सरकारच घरोघरी पाठवतं! बहुतेक लोक टपालानंच मत देतात. मतपत्रिका छोट्या पाकिटात घालायच्या, ते बंद करायचं, कार्डावर सही करायची आणि दोन्ही मोठ्या पाकिटात सारून पाठवायचं. इथे सर्वात जास्त घोळ होतो तो सहीचा. कार्डावर सही नसेल तर मत बाद. नवरा-बायकोनं दोघांच्या पत्रिका एकाच छोट्या पाकिटात कोंबल्या तरी बाद. आणि साध्या टपालानं शुक्रवारी टाकलं तर ते रविवारच्या मोजणीपर्यंत पोचत नाही, म्हणून शेवटच्या दिवसांत लोक थेट नगरपालिकेच्या पेटीत टाकून येतात.

पाकिटात विषय येतो कसा, हा त्याहून मोठा खटाटोप. राज्यघटनेत बदल हवा असेल तर १८ महिन्यांत १ लाख सह्या गोळा करायच्या. संसदेनं केलेला कायदा अडवायचा असेल तर १०० दिवसांत ५० हजार. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कागदावर एकाच गावच्या मतदारांच्या सह्या चालतात, कारण तो कागद पुढे त्या गावच्या पालिकेत जातो, तिथे मतदारयादीशी ताडून शिक्का बसतो. झुरिचच्या मोठ्या स्टेशनवर उभं राहिलात तर समोरून वीस गावची माणसं जातात, म्हणजे वीस वेगळे कागद. नाव ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. दोनदा सही केलेले, गाव चुकवलेले, मताधिकारच नसलेले असे बरेच गळतात, त्यामुळे जाणती मंडळी काही हजार सह्या जास्तीच्याच धरतात. १०० दिवसांतले शेवटचे दिवस तर सह्यांसाठी नसतातच, ते शिक्क्यांसाठी राखायचे. अलीकडे सहीमागे पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्या निघाल्यात आणि २०२४ मध्ये बनावट सह्यांचा संशय चांगलाच गाजला. यंत्रणा धुतल्या तांदळासारखी आहे असं कुणी समजू नये.

सह्या भरल्या तरी मतदान लगेच होत नाही. सरकार, मग संसदेची दोन्ही सभागृहं, मग बहुतेकदा संसदेचा स्वतःचा मवाळ पर्यायी मसुदा, यात दोन-तीन वर्षं सहज जातात. संताप निवायला तेवढा वेळ पुरतो. घटनाबदलाला देशभरात बहुमत हवं आणि कॅन्टनांचंही बहुमत हवं. झुरिचची लोकसंख्या १५ लाखांच्या वर, ऊरीची ४० हजारांच्या आत, आणि दोघांना एकेकच मत. २९ नोव्हेंबर २०२० ला स्विस कंपन्यांना परदेशातल्या कारभारासाठी जबाबदार धरणारा प्रस्ताव ५०.७ टक्के लोकांनी मंजूर केला, कॅन्टनांनी पाडला. असे सह्या गोळा करून आणलेले घटनाबदलाचे प्रस्ताव दहातला जेमतेम एक पार होतो.

आता मुद्द्याचं, पैशाचं. तिथल्या केंद्र सरकारला कर लावायची परवानगीसुद्धा मुदतीची आहे. व्यक्तीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर ११.५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये हे घटनेतच लिहिलंय. व्हॅटचे दरही घटनेत बांधलेले, वाढवायचे तर मतदान. २०१८ मध्ये सरकार लोकांकडे गेलं की आम्हाला हे दोन्ही कर आणखी काही वर्षं घेऊ द्या, आणि ८४.१ टक्के लोकांनी ‘घ्या’ म्हटलं, २०३५ पर्यंत. केंद्राच्या निम्म्याहून जास्त उत्पन्न यावर चालतं. कर भरायला स्वतःच होकार दिलेला माणूस सुट्टीचा प्रस्ताव वाचताना ‘याचे पैसे कोण भरणार’ हे आपोआपच विचारतो.

म्हणूनच बिलाचा आकडा चुकला तर तिथे मतदान रद्द होऊ शकतं. विवाहित जोडप्यांना जास्त कर बसतो, तो काढा, असा प्रस्ताव २८ फेब्रुवारी २०१६ ला ५०.८ टक्क्यांनी पडला. सरकारनं सांगितलं होतं की दोघंही कमावणारी अशी बाधित जोडपी ८० हजार. नंतर कळलं, ती साडेचार लाखांच्या वर आहेत. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मतदानच रद्द केलं. देशपातळीवर असं पहिल्यांदाच घडलं.

आणि हे फक्त करापुरतं नाही. १९६७ मध्ये बासेलच्या कलासंग्रहालयात उसनी टांगलेली पिकासोची दोन चित्रं विक्रीला निघाली, कारण मालक कुटुंबाची विमान कंपनी अपघातानंतर बुडाली होती. किंमत ८४ लाख फ्रँक. कॅन्टनच्या विधिमंडळानं ६० लाख मंजूर केले, विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि गोष्ट मतदानावर गेली. उरलेल्या २४ लाखांसाठी गावानं ‘भिकाऱ्यांचा उत्सव’ भरवला, लोक रस्त्यात उभं राहून पैसे मागत होते. १७ डिसेंबरला ३२,११८ विरुद्ध २७,१९० मतांनी चित्रं राहिली. पिकासो इतका खूष झाला की त्यानं आणखी चार कलाकृती फुकट दिल्या. चित्र चांगलं की वाईट यावर नव्हे, साठ लाखांवर मत पडलं होतं. तरी त्या निमित्तानं सगळं शहर चित्रांवर भांडलं, हे मला फार आवडतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मतदानाला निम्मेच लोक येतात आणि किमान उपस्थितीची अट नाही. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायला ‘आडवी बाटली’ला नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात; ती अट स्वित्झर्लंडला लावली तर कित्येक निकाल टिकणार नाहीत. देशातली चौथाईहून जास्त माणसं परदेशी नागरिक आहेत. बासेलच्या औषध कंपन्यांत नाहीतर झुरिचच्या बँकांत काम करणारी आपली मराठी मंडळी कर इमानदारीत भरतात, पण दहा वर्षं राहून नागरिकत्व मिळेपर्यंत ते पाकीट त्यांच्या दारी येत नाही.

आणि समंजसपणाचं म्हणाल तर ३ मार्च २०२४ ला याच लोकांनी वृद्धांना पेन्शनचा तेरावा हप्ता ५८.२ टक्क्यांनी मंजूर केला. पैसा कुठून आणायचा याबद्दल त्या मसुद्यात अवाक्षर नव्हतं. त्याच दिवशी निवृत्तीचं वय वाढवायला मात्र ७४.७ टक्के लोक नाही म्हणाले. पहिला हप्ता डिसेंबर २०२६ चा. त्यासाठी व्हॅट वाढवायचा तर दर घटनेत आहे, म्हणजे परत पुस्तिका छापा, परत पाकिटं वाटा, आणि हप्ता मंजूर करणाऱ्यांनाच विचारा की आता एवढे टक्के जास्त द्याल का.