‘चार दिवस शिकून कोणी जवान होत नाही’: या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आहे, फायर ब्रिगेड आहे. स्वयंसेवकांना आपत्तीचं प्रशिक्षण कशाला? अर्धवट शिकलेले गोंधळच वाढवतात. मुंबईचं स्पिरिट पुरेसं आहे. शिवाय मदत केली की पोलिसांचं झेंगट मागे लागतं.’ एकेक मुद्दा घेऊ.

एनडीआरएफ आहे आणि त्यांचं काम चोख असतं. पण हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात भांडुपच्या टेकडीवरच्या गल्लीत कोण पोहोचणार? शेजारीच. मदत येईपर्यंत त्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं असतं. किती जोर लावायचा ते वाचून कळत नाही, प्रशिक्षणात पुतळ्यावर दाबून बघावं लागतं. दोन मिनिटांत हात भरून येतात, बदली माणूस लागतो, हेही तिथेच समजतं.

गोंधळाचा आरोप तर उलटा आहे. रस्त्यात पाणी तुंबलं की चांगल्या हेतूनेच कोणीतरी मॅनहोलचं झाकण उघडतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा जीव उघड्या मॅनहोलमुळे गेला. शिकलेला माणूस झाकणाला हात लावत नाही, महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवतो. उघडं दिसलंच तर तिथे बांबूला लाल फडकं बांधून उभा राहतो. इमारत कोसळली की सगळे ढिगाऱ्यावर चढतात. त्या वजनाने खालची पोकळी दबते, गलक्यात आतला आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी लोकांना मागे हटवणारा आणि कोणत्या खोलीत कोण राहतं याची यादी जवानांच्या हातात देणारा माणूस लाखमोलाचा असतो.

स्पिरिटबद्दल मला आदरच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, बिस्किटं-पाणी वाटलं. त्याच दिवशी काही जण काचा बंद करून गाडीतच बसून राहिले आणि गुदमरून गेले. पाणी दारापर्यंत चढायच्या आत गाडी सोडायची, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

झेंगटाचं म्हणाल, तर रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय.

मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटोपुरतं शिबिर कुचकामी असतं. स्वयंसेवकांसाठीच्या केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवस शिकवलं गेलं, तेही सराव सुटला की विसरतं. म्हणून दर मे महिन्यात उजळणी हवी, आणि प्रत्येक चाळीत, प्रत्येक विंगमध्ये निदान दोघं तरी तयार हवेत. परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था आहे. मंडळांनी आणि सोसायट्यांनी तिथे चौकशी करावी.