‘चहावर चालणारं इंजिन’, दोन तारे आणि उलटा बाण : आमचं उत्तर

नमस्कार जळगावकर,

(अभिप्रायावर नाव एवढंच दिसतंय, म्हणून तसंच लिहितो.)

तुमची तक्रार इतर गिऱ्हाइकांनाही कळावी म्हणून आधी थोडक्यात सांगतो. १,८५० रुपयांचं स्टर्लिंग इंजिनाचं (बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेने आतली हवा फुगवून-आक्रसून चालणाऱ्या इंजिनाचं) किट तुम्ही आठवीतल्या मुलीबरोबर दोन संध्याकाळी बसून जोडलंत. गरम चहाच्या ग्लासावर ठेवून सूचनांच्या कागदावरल्या बाणाच्या दिशेने चाक फिरवलं, तर ते दीड फेरा मारून थांबलं. वैतागून उलटं ढकललं तेव्हा चाललं, पण तीनेक मिनिटांत बंद. मग शिलाई मशीनचं थेंबभर तेल सोडलं आणि दट्ट्या जागच्या जागी बसला. शिवाय ‘तळहाताच्या उबेवर चालतं’ ही थाप, त्यावर मोबाइल चार्ज होत नाही, आणि माल चिनी, मराठी फक्त कागद. दोन तारे.

बाणापासून सुरुवात करतो, कारण तिथे आम्हाला बोलायला तोंड नाही. बाण उलटाच छापला गेलाय. चित्र काढलं तेव्हा इंजिन मागच्या बाजूने समोर ठेवलं होतं. नंतर चित्र फिरवलं आणि बाण होता तसाच राहिला. आता हे एवढं का नडलं ते सांगतो. दोन पत्र्यांच्या मधल्या डब्यात फोमची जी हलकी चकती आहे, ती स्वतः काही जोर लावत नाही, फक्त हवा इकडून तिकडे सारते. चकती वर गेली की हवा खालच्या तापलेल्या पत्र्यापाशी येते, फुगते आणि काचेच्या नळीतला दट्ट्या वर उचलते. चकती खाली आली की तीच हवा वरच्या थंड पत्र्याला लागून आक्रसते आणि दट्ट्या खाली ओढला जातो. यासाठी चकती दट्ट्याच्या पाव फेरा पुढे चालावी लागते. ज्या दिशेने चाक फिरवल्यावर ती पुढे राहते त्या दिशेने इंजिन पळतं, आणि विरुद्ध दिशेने ढकललं तर तेच इंजिन ब्रेकसारखं वागतं. दीड फेऱ्यात थांबलं ते म्हणूनच. उलटं ढकलल्यावर चाललं, याचा अर्थ तुमच्या लेकीची जोडणी बिनचूक होती. हे तिला जरूर सांगा.

तीन मिनिटांनी का थांबलं? तुमच्या फोटोत कटिंगचा ग्लास दिसतोय. त्याचं तोंड फार तर सहा सेंटिमीटर असेल आणि आपला खालचा पत्रा साडेनऊ. म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रा नुसताच बाहेर. त्यात कटिंगमध्ये चहा तो किती! वाफ पत्र्याच्या बुडाला लागून तिथेच पाणी झाली की ती भरपूर उष्णता देऊन जाते, खरं म्हणजे इंजिन चालतं ते त्यावर. त्यासाठी भांड्याचं तोंड पत्र्याने पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. खोक्यावर ‘कपभर चहा’ लिहायचं आणि फोटो मात्र भल्यामोठ्या मगाचा छापायचा, हा दोष आमचाच. जाड बुडाच्या लहान पातेलीत उकळतं पाणी घ्या. चहा पिऊन टाका, दुधाचे डाग पत्र्यावरून लवकर जात नाहीत.

पण खरी गोम जळगावच्या मे महिन्यात आहे. आम्ही चाचण्या घेतो भोसरीतल्या शेडमध्ये, आणि खरं सांगायचं तर पावसाळा ते थंडी या दिवसांत. इंजिनाला नुसती उष्णता पुरत नाही, फरक लागतो. तुमच्या खोलीत ४० अंश असताना वरचा पत्रा ४० च्या खाली जाणार तरी कसा? उलट, खालून झिरपणाऱ्या उष्णतेने तो आणखी तापत जातो, फरक कमी होत जातो आणि चाक थांबतं. यावर उपाय तुमच्याच घरात आहे. पातळ सुती फडक्याची घडी पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, वरच्या पत्र्यावर नळीला आणि दांड्याला न लागेल अशी पसरा. कोरड्या हवेत कूलर आणि माठ ज्या तत्त्वावर चालतात त्याच तत्त्वावर पत्रा हवेपेक्षा चांगलाच थंड होतो. ही युक्ती आमच्या दमट हवेत जेमतेम लागू पडते. खानदेशात तुम्हाला ती आमच्यापेक्षा चांगली साधेल.

तळहाताचं म्हणाल तर ते वाक्य नव्या खोक्यावर नसेल. आमच्याकडे हे इंजिन हातावर चालतं ते जानेवारीतल्या सकाळी, आणि तेही दहातली सहा-सात. तळहात साधारण ३३-३४ अंशांचा. ४० अंशांच्या खोलीत तो गरम नाही, गार बाजू ठरतो!

मोबाइलबद्दल मात्र मी मान्य करणार नाही. तसं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारा कुणी भेटला तर खुशाल फसवणूक समजा. पाणी ८० अंश आणि खोली ४० अंश धरली तर कुठलंही इंजिन, अगदी कल्पनेतलं आदर्श असलं तरी, मिळालेल्या उष्णतेतले शंभरात जेमतेम अकरा भाग कामात आणू शकतं. फरकाच्या ४० अंशांना ८० अधिक २७३ ने भागा (२७३ मिळवले की गरम बाजूचं तापमान केल्विनमध्ये येतं), म्हणजे दिसेल. हे गणित मुलीकडूनच करून घ्या. प्रत्यक्षातलं मॉडेल त्याच्या कितीतरी खाली असतं. चाकावर येते ती शक्ती मिलिवॉटच्या, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागाच्या, घरातली, आणि साधा चार्जरही निदान पाच वॉट मागतो.

इतकी तुटपुंजी मिळकत असलेल्या यंत्राला घर्षणाची चैन परवडत नाही, आणि म्हणूनच तेलाने घात केला. दट्ट्या ग्रॅफाइटचा आहे. काच आणि तो यांच्यातली फट केसापेक्षाही बारीक असते. ग्रॅफाइट स्वतःच वंगण आहे. त्या फटीत तेल शिरलं की ते चिकट पडद्यासारखं दट्ट्याला धरून ठेवतं. बेअरिंगमधलं कारखान्याचं ग्रीससुद्धा आम्ही पेट्रोलने धुऊन काढतो ते याचसाठी. ‘तेल घालू नका’ हे पान ३ वर लाल अक्षरांत आहे, पण आपल्याकडे शिलाई मशीन असो की सायकल, काही अडलं की हात आधी तेलाच्या बुधलीकडेच जातो. ती सूचना नळीच्या पुडीवरच चिकटवायला हवी होती.

चिनी मालाबद्दल : पत्रे, चाक आणि ॲक्रिलिकची कडी आम्ही इथेच कापतो. काचेची नळी आणि दट्ट्या बाहेरून घेतो, कारण तेवढं अचूक काम आमच्या यंत्रांवर होत नाही. आणि शोध म्हणाल तर तो आमचाही नाही, चीनचाही नाही. मूळ इंजिनाचं पेटंट रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ मध्ये घेतलं. इतक्या कमी फरकावर चालणारा हा चपटा प्रकार झाग्रेबचे प्राध्यापक इवो कोलिन यांनी १९८३ मध्ये दाखवला, आणि अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्ट यांनी तो अर्ध्या अंशाच्या फरकापर्यंत नेला. आमचं किट त्या घराण्यातलं फार धाकटं पोर आहे.

आता तुमच्यासाठी. पूर्ण पैसे परत हवे असतील तर ऑर्डर क्रमांक कळवा, किट परत पाठवायची गरज नाही. किंवा नवी नळी आणि दट्ट्या आमच्या खर्चाने पाठवतो. दोन्ही जोडीनेच बदला, ते एकमेकांच्या मापाचे असतात. जुनी नळी साफ करायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्याने ॲक्रिलिकला तडे जातात. नवी जोडी आली की लावण्याआधी नळी उभी धरा, खालचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि वरून दट्ट्या सोडा. तो हवेवर तरंगत सावकाश उतरला पाहिजे. धप्पकन पडला तर फोटो काढायच्याही भानगडीत पडू नका, नुसता निरोप द्या, दुसरी पाठवतो.

तारे तुमच्या मनाप्रमाणे राहू द्या. बाण दुरुस्त केलेला कागदही सोबत येईल, पण जुना फेकू नका. इंजिन चालू झालं की पातेलीत बर्फ भरून त्यावर ठेवा. खालची बाजू गार आणि वरची गरम झाली की चाकाची दिशा बदलते, आणि तिथे आमचा चुकलेला बाण बरोबर ठरतो.