‘आयपीएक्स७’ स्पीकर आणि समुद्राचं पाणी: एक खुलासा

‘आयपीएक्स७ लिहिलेला ब्लूटूथ स्पीकर बिनधास्त समुद्रात न्या, वाळूत ठेवा, काही होत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

‘आयपी’ हा वस्तू पाणी आणि धुळीपासून किती सुरक्षित आहे ते सांगणारा कोड आहे. आयपीएक्स७ मधला ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून घेतलेली चाचणी. पण ती साध्या, गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्याने चार्जिंगच्या पिना गंजतात, साबणाच्या पाण्याचाही त्या आकड्यात विचार नाही. आणि वाळूचं काय? ‘एक्स’च्या जागी खरं तर धुळीचा आकडा असतो, एक्स म्हणजे त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. अलिबाग-तारकर्लीला नेणार असाल तर आयपी६७ बघून घ्या, त्यातला ६ धुळीसाठी आहे. तरी समुद्रावरून आल्यावर चार्जिंग पोर्टचं झाकण घट्ट लावून नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. ओल्या पोर्टमुळेच बरेच स्पीकर जातात.

बुडलेल्या स्पीकरवर गाणी तशीही नीट चालत नाहीत, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात लगेच शोषल्या जातात. घरात, गॅलरीतच वापरायचा असेल तर या आकड्यासाठी जास्त पैसे कशाला मोजायचे? त्यापेक्षा दुकानात आवाज ऐकून घ्या.