'तेलाला बाई-पुरुष कळत नाही' म्हणणाऱ्या वाचकास

'नायजर डेल्टाच्या तेलगळतीत उगाच बायका घुसवल्यात. तेलाला बाई-पुरुष कळत नाही. तुमच्यासारख्यांनी आधी अभ्यास वाढवावा,' असं तुम्ही नायजेरियातल्या या त्रिभुज प्रदेशावरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. समोर बसून असं म्हणाला असतात का हो? या विषयावर बारा वर्षं लिहितोय, एवढंच सांगतो.

एक चूक मान्य. बेंझिन, म्हणजे तेलातलं कर्करोगकारक रसायन, पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त, हा संयुक्त राष्ट्रांच्या 2011च्या अहवालातला आकडा डेल्टाच्या ओगोनी भागातल्या निसिसिओकेन ओगाले या एका ठिकाणच्या विहिरींचा आहे. मी सरसकट 'ओगोनीतल्या विहिरी' लिहून बसलो. तिथे भूजलावर तरंगणारा 8 सेंटिमीटरचा थरही कच्च्या तेलाचा नव्हे, शुद्ध केलेल्या तेलाचा होता. दुरुस्त करतो.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. तेलाला कळत नाही, कबूल; पण काम वाटलेलं आहे ना! पुरुष होडीतून जाळं टाकतो. खाडी खराब झाली, तर इंधन जास्त जाळून लांब खुल्या पाण्यात तरी जाता येतं. बाई ओहोटीला पायी चिखलात उतरते आणि कांदळवनाच्या मुळांतून कालवं, खेकडे, शंखातल्या गोगलगाई वेचते. भरती तेल आणून टाकते ते नेमकं याच पट्ट्यात, दिवसातून दोनदा. तिवरांची मुळं हवा घेतात ती सालीवरच्या बारीक छिद्रांतून. त्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरून मरतं, आणि मुळांना चिकटून वाढणारी कालवंही संपतात. उरलंसुरलं तेल खेकड्यांच्या बिळांतून खाली मुरतं. वरून चिखल स्वच्छ दिसतो, पाय रोवला की खड्ड्यात इंद्रधनुषी तवंग वर येतो. त्या चिखलात ती गुडघाभर उभी असते.

घरी आली की कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद. कंद सोलून तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालायचे, म्हणजे ते मऊ पडतात आणि त्यातलं सायनाइड उतरतं. पाणी तेलकट असेल तर कंदालाही तो वास धरतो. न भिजवून चालत नाही, कारण मग विष तसंच राहतं.

'पाणी उकळून घ्यावं' हा तुमचा सल्ला तर कमालच. बेंझिन 80 अंशांना उकळतं, म्हणजे पाण्यातून निघून ते हवेत जातं. बंद स्वयंपाकघरात त्या भांड्यावर कोण वाकलेलं असतं? शिवाय तेलातले जड घटक भांड्यातच राहतात. उकळण्याने जंतू मरतात हो, तेल नाही.

भरपाईतही तीच गत. होडी, जाळं, पीक दाखवता येतं. सामाईक खाजणातून वेचलेल्या टोपलीचा कागद कुठून आणायचा?

बाकीचं थोडक्यात. तेलचोरीनेही गळती होते, मी नाकारलेलं नाही. पण ओगोनीतल्याच बोडो इथल्या 2008च्या दोन गळती पाइपच्या बिघाडाने झाल्या, हे शेल या तेल कंपनीनेच मान्य केलंय. 'साडेपाच कोटी पौंड मिळाले की!' म्हणता. बोडोच्या लोकांना शेलकडून ते मिळाले, 2015 साली. मधली वर्षं मोजा.

आणि हो, 'तुमच्यासारखे' म्हणजे नेमके कोण, तेही एकदा कळवा.